समुद्रावर सुट्टी, पण आपला समुद्र वेगळा आहे: मे महिन्यात कोकण-गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

आपल्या वर्धा जिल्ह्यात समुद्र फक्त एका ठिकाणी आहे, समुद्रपूर तालुक्याच्या नावात. तरीही मार्च उजाडला की वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो: "अब्बू, इस बार समंदर जाना ना?" पूर्वी सुट्टी म्हणजे नानीचं गाव, गिरडचा दर्गा, नागपूरचा ताजबाग आणि फार झालं तर चिखलदरा. आता मुलांना बीच पाहिजे, स्विमिंग पूलवालं हॉटेल पाहिजे. यात काही वावगं नाही. 45 अंशांच्या उन्हात कूलरसमोर दोन महिने काढणाऱ्या लेकरांनी समुद्र मागितला तर त्यांचं काय चुकलं?

अडचण वेगळीच आहे. मुलांच्या, आणि खरं सांगायचं तर आपल्याही, डोळ्यांसमोर जे चित्र असतं ते आपल्या समुद्राचं नसतं. मोबाइलवर दिसणारा तो निळाशार, संथ समुद्र, पाण्यापासून दहा पावलांवर ओळीने मांडलेल्या आरामखुर्च्या, वाळूत बसलेली लहान मुलं. ते बहुतेक वेळा भूमध्य समुद्राच्या काठचं चित्र असतं: तुर्कस्तानातलं अंताल्या किंवा अलान्या, नाहीतर स्पेन, ग्रीस. "उन्हाळ्यात सगळ्या कुटुंबाने समुद्रकाठच्या हॉटेलात आठवडाभर राहायचं" ही आजची पद्धत तिकडेच रुजली आणि तिथून जगभर गेली. मुस्लीम कुटुंबांसाठी तिची एक वेगळी आवृत्तीही तुर्कस्तानात तयार झाली. 1996 साली दिदिम या गावी कॅप्रिस नावाचं हॉटेल सुरू झालं. दारू नाही, नमाजची सोय आहे, बायकांसाठी पोहण्याची जागा वेगळी. पुढे अलान्या-अंताल्याच्या पट्ट्यात अशी अनेक हॉटेलं उभी राहिली. त्यांच्या जाहिराती आता उर्दूतही दिसतात. बघायला छान वाटतात, पण विमान, व्हिसा आणि पाच माणसांचा खर्च मांडला की आपल्यापैकी बहुतेकांची गाडी मडगाव किंवा रत्नागिरीलाच थांबते.

तिथे गेल्यावर आपण वागतो मात्र त्या चित्राप्रमाणे. धोका इथेच आहे.

भूमध्य समुद्र जवळजवळ चारही बाजूंनी जमिनीने बंद आहे. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून तो अटलांटिकला जोडलेला आहे. त्यामुळे तिथे बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीचा फरक फूटभरही नसतो. सकाळी खुर्ची जिथे मांडली तिथेच ती संध्याकाळीही कोरडी राहते. शिवाय तिकडचा उन्हाळा कोरडा असतो, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच. म्हणजे त्यांचा सुट्टीचा काळ आणि समुद्र शांत असण्याचा काळ एकच.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. आपला अरबी समुद्र उघडा आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, म्हणजे एक मजला घर बुडेल इतका. दक्षिणेकडे सिंधुदुर्ग-गोव्यात तो बराच कमी होतो, पण तिथेही माणसाची उंची भरेल एवढा असतो. आणि आपली उन्हाळी सुट्टी संपता संपता मान्सून येतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासूनच नैर्ऋत्येचे वारे जोर धरतात, लाटा उंच होत जातात. पाऊस अजून आलेला नसतो, आकाश निळं असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. समुद्र मात्र बदललेला असतो.

दोन तारखा आठवा. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यात मुलीही होत्या, आपल्या समाजातली लेकरं होती. फेब्रुवारी महिना, ना वादळ ना पाऊस. पुढच्याच वर्षी, 15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळ वायरीला बेळगावच्या अभियांत्रिकी कॉलेजचे 8 जण गेले. ही तरणीताठी, शिकलेली मुलं होती. त्यांना समुद्र माहीत नव्हता, इतकंच. आपल्यालाही माहीत नाही. आपण धाम नदी ओळखतो, बोर धरण ओळखतो, शेतातली विहीर ओळखतो. या पाण्याला खोली असते, पण ते तासातासाला आपली जागा बदलत नाही.

चांद बघून समुद्राची वेळ

भरती-ओहोटी चंद्रावर चालते हे आपण सातवी-आठवीच्या भूगोलात शिकवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पण मुस्लीम घरात चांदची तारीख कुणालातरी माहीत असतेच. दादीला विचारा. हीच तारीख समुद्रावर फार कामाची आहे.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. रोज ती सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा मोठी भरती आणि मोठी ओहोटी होते. तिला उधाण म्हणतात. इस्लामी महिन्याच्या हिशेबाने म्हणजे चांदरातीच्या मागेपुढे दोन दिवस, आणि 14 ते 16 तारखा. अष्टमीच्या आसपास, म्हणजे चांदच्या 7-8 आणि 21-22 तारखेच्या सुमारास, हा फरक सगळ्यात कमी असतो. तिला भांगेची भरती म्हणतात. लहान मुलांना घेऊन जायला हे दिवस बरे.

कोकणातल्या कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आतबाहेर. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, आणि आता मोबाइलवर तक्तेही मिळतात, पण अंदाजाला हा हिशेब छान आहे. आता याचा अर्थ बघा. पौर्णिमेला दुपारी बाराला भरती, तर संध्याकाळी सहाला ओहोटी. आपण सगळे समुद्रावर जातो ते बरोबर संध्याकाळी. पाणी आत गेलेलं, लांबच लांब ओली वाळू उघडी पडलेली. मुलं पळत पळत आत जातात, आपण फोटो काढत मागोमाग जातो. रोज जिथे पाणी असतं तिथे आपण उभे असतो आणि ते आपल्याला कळतही नाही. मग पाणी फिरतं. वाळूतले खड्डे आणि सखल भाग मागून आधी भरतात. खाडीच्या मुखाजवळ तर पाणी नदीसारखं वाहतं.

दुसरी गोष्ट, आत ओढणारा प्रवाह. लाटा पाणी आणून किनाऱ्यावर टाकतात. त्या पाण्याला परत जायला वाट पाहिजे. ते एखादी अरुंद जागा धरतं आणि तिथून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून वरून तीच जागा सगळ्यात शांत दिसते. आपल्यासारखा नवखा माणूस "इथे लाटा नाहीत, इथेच उतरू" म्हणून नेमका तिथेच उतरतो. या प्रवाहात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झुंजू नये. पट्टीचा पोहणाराही त्यात थकतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून बोलवायचं, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर सरकायचं. प्रवाह रुंदीला थोडाच असतो, बाजूला झालं की सुटतो. आणि काठावरच्यांनी? हातात हात धरून साखळी करून आत जायचं नाही. एकाला वाचवायला गेलेले तीन बुडतात. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि कोळ्यांना हाक मारायची. 112 हा नंबर सगळीकडे चालतो. तटरक्षक दलाचा 1554 आहे.

पोहता येत नसेल तर नियम एकच ठेवा: पाणी गुडघ्यापर्यंत, लहान मूल हाताच्या अंतरावर. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी तर समुद्र लगेच खोल होतो, तिथे गुडघाही जास्त आहे. गोव्यात बऱ्याच किनाऱ्यांवर 2008 पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या जागेतच उतरायचं, लाल झेंडा असेल तर अजिबात नाही. महाराष्ट्रात अशी सोय मोजक्या ठिकाणी आहे. जिथे नाही तिथे किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारायचं, "काका, इथे उतरू का?" तो नाही म्हणाला तर नाही. आपल्याकडची तरणी पोरं ऐकत नाहीत, "क्या होता रे" म्हणतात. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. वर सांगितलेल्या दोन्ही घटनांत गेले ते तरुणच होते.

कधी जायचं, कधी नाही

विदर्भाच्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात. तिकडे 15-16 जूनला घंटा वाजते, आपल्याकडे 23 च्या पुढे. म्हणजे जूनमध्ये आपली मुलं मोकळी असतात आणि कोकणातली हॉटेलं ओस पडून स्वस्त होतात. "अर्ध्या भावात रूम" असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरू लागतात ते याच दिवसांत. भाव कमी असतो कारण समुद्र बंद असतो. राज्यात दरवर्षी साधारण 26 मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्यांकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या थांबवल्या जातात. जूनमध्ये पाऊस बघायला जायचं असेल तर खुशाल जा, हिरवं कोकण फार सुंदर दिसतं. पण पाण्यात पाय टाकायला नाही. मुलांना हे घरून निघतानाच सांगून ठेवा, तिथे गेल्यावर रडारड नको.

2026 साठी आणखी एक पेच आहे. बकरीद यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, 27-28 च्या सुमारास येते. बरीच कुटुंबं म्हणतात, कुर्बानी उरकू, गोश्त वाटू आणि दोन दिवसांनी निघू. आता कॅलेंडर उघडा. 31 मेला पौर्णिमा आहे. म्हणजे ईदनंतर निघालेलं कुटुंब किनाऱ्यावर पोचेल ते ऐन उधाणात, मान्सूनच्या तोंडावर, होड्या बंद झालेल्या असताना. याऐवजी सुट्टी लागल्याबरोबर, 8 ते 12 मेच्या दरम्यान गेलात तर चांदची 20-24 तारीख असेल, भांगेची भरती असेल, समुद्र त्यातल्या त्यात नरम असेल. माझ्या मते यंदा हाच आठवडा सगळ्यात चांगला. 2027 मध्ये बकरीद मेच्या मध्याला येईल, तेव्हाही हाच हिशेब मांडायचा.

जायचं कसं? नागपूर-मडगाव विशेष गाडी वर्धा, पुलगाव, बडनेरा, पनवेलवरून थेट कोकणात उतरते. खेड, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सगळं एकाच गाडीत. विशेष गाडी असल्याने तिचे दिवस बदलतात, म्हणून आधी बघून घ्या. नाहीतर विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबईकडे जाऊन पुढे कोकण रेल्वे. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. कारवाले समृद्धीने जातात. 5 जून 2025 पासून नागपूर ते आमणे हे 701 किलोमीटर सलग झाले आहेत. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर डुलकी लागते आणि घरात गाडी चालवणारा बहुधा एकच असतो. मध्ये नाशिककडे एक मुक्काम करा. आमणेनंतर मुंबई-गोवा महामार्ग वेगळाच जीव काढतो, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

अम्मी वाळूवरच का बसते?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कुटुंब समुद्रावर जातं तेव्हा बघा: अब्बू आणि मुलं पाण्यात, मोठी मुलगी घोट्याइतक्या पाण्यात संकोचून उभी, आणि अम्मी चपला, मोबाइल, टॉवेल सांभाळत वाळूवर. तीन दिवस हेच. इतक्या लांब येऊन तिने सामानाची राखणच करायची असेल तर सुट्टी कुणाची झाली?

पर्दा आणि पाणी यांत भांडण नाही, भांडण आहे ते कपड्यांचं. सुती सलवार, ओढणी, बुरखा, अबाया हे कापड पाणी पितं, जड होतं, पायांत गुंडाळतं. लाट मागे फिरताना तो घेर माणसाला सोबत ओढतो. म्हणून बुरख्यात किंवा साडीत पाण्यात जाणं खरंच धोक्याचं आहे, मग पाणी कमी का असेना. दुसरा मार्ग आहे. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा, डोक्याला टोपीसारखा घट्ट बसणारा नायलॉन-लायक्राचा पोशाख आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या, लेबनॉनमध्ये जन्मलेल्या अहेदा झनेट्टी यांनी 2004 मध्ये तो बनवला आणि बुर्किनी हे नाव दिलं. याच कपड्यावरून 2016 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर केवढा गदारोळ झाला! कान, नीस अशा गावांनी त्याला बंदी घातली. शेवटी 26 ऑगस्ट 2016 रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने व्हिलनव-लूबे या गावाची बंदी थांबवली. ज्या समुद्राची चित्रं बघून आपण भुलतो, तिथे आपल्या बायकांच्या अंगावरच्या कपड्यावर पोलीस येत होते. कोकणात असं काही नाही. तिथे सगळ्याच धर्मांच्या बाया अंगभर कपड्यांत लाटा घेतात, कुणी वळून बघत नाही.

ऑनलाइनचा पोशाख महाग वाटला तर घट्ट पायजमा, गुडघ्यापर्यंतचा सिंथेटिक कुर्ता, बाह्यांना इलॅस्टिक आणि पिन नसलेली, मागे गाठ मारलेली टोपी-स्कार्फ. शिवायला दीड तास लागतो. पाण्याबाहेर आल्यावर अंगावर घ्यायला काळा मोठा टॉवेल किंवा अबाया तयार ठेवा, म्हणजे कपडे अंगाला चिकटले तरी संकोच वाटणार नाही. आणि वेळ निवडा. सकाळी फजरनंतर सहा ते आठ किनारा जवळजवळ रिकामा असतो, उन्हाचा त्रास नसतो. त्या वेळी चपला सांभाळायला अब्बूंनी बसावं.

हॉटेलच्या पूलचा नियम वेगळा. बहुतेक ठिकाणी सुती कपड्याला मनाई असते, कारण त्याचे धागे गाळणीत अडकतात. नायलॉनचा पूर्ण पोशाख मात्र नियमात बसायला हरकत नसते. तरी बुकिंगच्या आधी फोटो पाठवून व्हॉट्सॲपवर "चालेल" असं लिहून घ्या. तोंडी होकाराला काउंटरवर किंमत राहत नाही. बायकांसाठी वेगळा तास देता का हेही विचारा. आपल्या भागातून दोन-तीन कुटुंबं मिळून पाच-सहा खोल्या घेत असतील तर लहान हॉटेलवाले सकाळचा एक तास आनंदाने देतात. आणि पूल आहे म्हणजे सुरक्षित आहे असं समजू नका. कितीतरी ठिकाणी तिथे जीवरक्षक नसतो. खोलीचा आकडा फुटांत लिहिलेला असतो, तो मुलांना वाचायला लावा.

हॉटेलशी बोलताना

जाहिरातीत "समुद्रासमोर" लिहिलेलं असतं, पण मध्ये रस्ता आहे, कंपाउंड आहे की खाडी, ते नकाशावर बघा. खोलीच्या दरापुढे सीपी लिहिलं असेल तर फक्त नाश्ता मिळतो, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं, ईपी म्हणजे नुसती खोली. दर दोन मोठ्या माणसांचा असतो. समजा खोली 4,000 ची आहे आणि दोन मुलांसाठी 1,000 च्या दोन गाद्या घेतल्या, तर 6,000 झाले. वर जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो 12 वरून 5 टक्के झाला आहे, म्हणजे 6,300. कुणी अजून 12 टक्के लावत असेल तर बिल मागा. तीन रात्रींचे 18,900 होतात, जेवण धरलं तर वेगळं. एमटीडीसीची रिसॉर्ट गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर, हरिहरेश्वर इथे आहेत. थाटमाट कमी, पण जागा मोक्याच्या.

खोलीत एसी हवाच का, असं आपले लोक विचारतात, कूलर चालेल म्हणतात. कोकणात कूलर चालत नाही. आपल्याकडची हवा कोरडी असते, पाणी उडतं आणि हवा थंड होते. तिकडच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, कूलर नुसता घाम वाढवतो. तापमान 33-34 असतं आणि जीव 45 सारखा कासावीस होतो. बाथरूममध्ये जेट आहे का, हेही विचारून घ्या. काही लोक हसतील, पण आपल्याला वुजू आणि तहारत त्याशिवाय अवघड जाते.

जेवणाचं. गोव्याच्या मोठ्या हॉटेलांत सकाळच्या बुफेमध्ये सॉसेज, हॅम असतं, आणि चिमटा-तवा एकच असू शकतो. जेली आणि काही गोड पदार्थांत जिलेटिन असतं. मुलं आधी तिकडेच धावतात. अंडं, पाव, फळं, पोहे, इडली यांवर नाश्ता सहज निघतो. दुपारी मासे. ईद-बकरीदचा गोश्त खाऊन वाढलेल्या वैदर्भीय पोटाला तीन दिवस माशांवर राहणं जड जातं, पण जमतं. कोंबडी-बकऱ्यासाठी हलाल कुठे मिळेल हे हॉटेलच्या माणसापेक्षा जवळच्या मशिदीत विचारा. कोकण किनाऱ्यावर आपली जुनी वस्ती आहे: मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, बाणकोट, हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, राजापूर. तिथल्या घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण खाल्लंत की हॉटेलचा बुफे विसरून जाल. गॅस-शेगडी सोबत नेऊन खोलीत डाळभात शिजवायचा विचार सोडा. हॉटेलला ते चालत नाही, आणि अम्मीला तिथेही चुलीपुढेच बसवायचं का?

इथे एक गंमत कळून येते. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई मसलकाचे आहेत, आपण विदर्भातले बहुतेक हनफी. त्यांच्याकडे समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल. हनफी मसलकात मासा चालतो, खेकडा नाही, आणि कोलंबीबद्दल आपल्याच उलमांत मतभेद आहेत. कुणी ताटात खेकडा वाढला तर तोंड वाकडं करू नका. अस्रची अजानही तिथे आपल्यापेक्षा सुमारे तासभर आधी होते. मुलं विचारतात, "इतक्या लवकर?" सावली एकपट झाली की शाफईंची अस्र सुरू होते, दुप्पट झाली की हनफींची. मुलांना हे समुद्रकाठी काठी रोवून दाखवता येतं.

वर्ध्याहून कोकण म्हणजे सफर आहेच. हनफी मसलकात सुमारे 77-78 किलोमीटरच्या पुढे आणि 15 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर जुहर, अस्र, इशाचे चार फर्ज दोन होतात. स्थानिक इमामामागे जमातीत उभे राहिलात तर मात्र पूर्ण चार. बाकी बारकावे निघण्यापूर्वी आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्या. किब्ला शोधायला कोकणात फार त्रास नाही: मावळतीच्या समुद्राकडे तोंड करा आणि किंचित उजवीकडे वळा, रत्नागिरीला हा कोन पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण 13 अंशांचा आहे. मगरीब वाळूवर पढणार असाल तर जानमाज कोरड्या, मऊ वाळूवर अंथरा. ओली, घट्ट वाळू म्हणजे तिथवर पाणी येतं.

मुरूडला गेलात तर एक दिवस जंजिऱ्याला द्या. राजपुरीहून होडीने जावं लागतं. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा पाण्यातला किल्ला शेकडो वर्षं राखला. चारही बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. कलाल बांगडी ही प्रचंड तोफ तिथे आहे. मुरूडजवळ खोकरी इथे सिद्दी सरदारांच्या कबरी आहेत, तिथे गर्दी नसते. होडीत चढताना लाइफ जॅकेट मागा आणि मुलांच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर जात असाल तर निघण्याआधी राजपुरीच्या जेट्टीवर फोन करून होड्या सुरू आहेत का ते विचारा.